वारा सगळा अडवून चालत नाही

पवनचक्क्यांबद्दलचे प्रश्न बरेच दिवस साठत होते, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. मी यांत्रिकी अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं पवनचक्क्यांच्या देखभालीत गेली. आधी शिड्या चढले, गुडघे कुरकुरायला लागल्यावर नियंत्रण कक्षात बसले. त्यामुळे उत्तरांमध्ये थोडं ग्रीस, थोडे आकडे आणि अधूनमधून थोडी चिडचिड सापडेल.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. वारा समोरून येतो, तर पातं मागे ढकललं जायला हवं. ते आडवं का फिरतं? आणि वीज नेमकी कुठे तयार होते, पात्यात की खांबात?

उत्तर : बाई, पातं मागे ढकललं जातंच, आणि चांगलं जोरात. १०० मीटर व्यासाचं चक्र घ्या. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात त्याच्यावर मागच्या दिशेने पडणारा रेटा साधारण ३५ ते ४० टन वजनाइतका असतो. मनोरा एवढा जाड का आणि पाया एवढा अवाढव्य का, याचं उत्तर बरंचसं या रेट्यात आहे. पात्याचं टोक वाकून मनोऱ्यावर आपटू नये म्हणून सगळं चक्र काही अंशांनी वर कलतं बसवतात आणि मोठी पाती कारखान्यातच वाऱ्याच्या बाजूला किंचित वाकवून घडवतात. पाती मागे सरकत नाहीत, त्यामुळे हा रेटा चक्र फिरवायच्या कामाचा नाही. तो फक्त सोसायचा.

फिरवणारं बल त्याच वाऱ्यातून निघतं, पण तिरकं. पात्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो, एक बाजू फुगीर, मागची कड धारदार. हवा त्याच्यावरून जाताना वळते. पातं हवेला एका बाजूला वळवतं आणि हवा पात्याला दुसऱ्या बाजूला ढकलते. या ढकलण्याला लिफ्ट म्हणतात आणि ते हवेच्या प्रवाहाला काटकोनात असतं. आता मुलांना हे सांगा की पात्याला जाणवणारा वारा आणि आपल्याला जाणवणारा वारा एक नसतो. पातं स्वतः पळत असतं. १०० मीटरचं चक्र मिनिटाला १५ फेरे मारत असेल, तर एका फेऱ्याला ४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात टोक ३१४ मीटर जातं, म्हणजे सेकंदाला ७८ मीटर, ताशी सुमारे २८० किलोमीटर. लांबून संथ दिसतं ते हे. या टोकाला वारा मुख्यतः स्वतःच्या पळण्याच्या दिशेने, समोरून अंगावर येतो. खरा वारा त्यात जेमतेम ५ अंशांचा कल आणतो. तेवढ्या कलामुळे लिफ्टचा छोटासा हिस्सा, टोकाशी साधारण बारावा, पुढे फिरवण्याच्या दिशेला पडतो. बाकीचा सगळा त्या ३५-४० टनांत जमा होतो. आपली वीज या बाराव्या हिश्श्यावर चालते.

म्हणून पात्याच्या गुळगुळीतपणाला एवढं महत्त्व. हवेचं घर्षण त्या लहानशा हिश्श्यातूनच वजा होतं. ताशी २८० किलोमीटर वेगाने पावसाच्या थेंबांत घुसणारी पुढची कड काही वर्षांत खरवडून निघते, वर किडे चिकटतात, आणि उत्पादनाचा आलेख हळूच खाली येतो. दोराला लटकून ती कड घासणारे आणि तिच्यावर नवा लेप देणारे सहकारी माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत कमी कौतुक झालेले लोक आहेत.

पातं पिळलेलं का असतं तेही यातूनच कळतं. मध्यापासून १० मीटरवर पात्याचा वेग सेकंदाला फक्त १६ मीटर असतो, टोकाला ७८. दोन्हीकडे हवा वेगवेगळ्या कोनातून येते, म्हणून पातंही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात ठेवावं लागतं.

आता वीज. मनोऱ्याच्या डोक्यावर, पात्यांच्या मागे जो लांबट खोका दिसतो त्याला नॅसेल म्हणतात. वीज तिथे तयार होते. लांबून छोटा वाटला तरी आत माणसं उभी राहून काम करतात. पात्यांचा मुख्य दांडा मिनिटाला १५ फेरे फिरतो. २ मेगावॉट एवढ्या सावकाश फिरण्यातून काढायचे म्हणजे दांड्यावर प्रचंड पीळ येतो. गिअरबॉक्स तो पीळ कमी करून वेग वाढवतो, १५ चे १५०० फेरे. गिअरबॉक्समधून निघणारा हा वेगवान दांडा जनरेटरमध्ये जातो. तिथे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या गुंडाळ्यांसमोरून फिरतं आणि गुंडाळ्यांत व्होल्टेज निर्माण होतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच आहे, फक्त तांबं टनांच्या हिशेबात आहे.

वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगा. जनरेटर हा मुळात ब्रेक असतो. सायकलच्या चाकाला घासणारा जुना डायनामो ज्यांनी वापरला त्यांना आठवेल, दिवा लागला की पेडल जड व्हायचं. गुंडाळीतून प्रवाह वाहायला लागला की तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि दांड्याला मागे खेचतो. वारा पुढे ढकलतो, जनरेटर मागे खेचतो, आणि या ओढाताणीत जी ऊर्जा जाते ती तारेतून बाहेर पडते. ओढाताण नसेल तर पाती नुसतीच भिरभिरतील, वीज शून्य.

माझी नोकरी सुरू झाली तेव्हाची जुनी यंत्रं या बाबतीत फार साधी होती. त्यांत जनरेटर म्हणून चक्क इंडक्शन मोटर असायची. ५० हर्ट्झच्या ग्रिडला, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जराशी खाली फिरली तर वीज खाते. वाऱ्याने तिला १५०० च्या वर, १५१० किंवा १५२० पर्यंत ढकललं की तीच मोटर वीज परत द्यायला लागते. मीटर उलटं फिरावं तसा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खूश झाले होते. पण ग्रिडने बांधून ठेवल्यामुळे पात्यांचा वेग बदलता यायचा नाही आणि वाऱ्याचा प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सच्या दातांवर बसायचा. आताची यंत्रं वेग बदलू देतात. जनरेटरमधून येणारी कमी-जास्त वारंवारितेची वीज कन्व्हर्टर आधी एकदिश करतो आणि मग ग्रिडला हवी तशी ५० किंवा ६० हर्ट्झची घडवतो. पुढे ट्रान्सफॉर्मर. जनरेटरचे साधारण ६९० व्होल्ट बऱ्याच ठिकाणी ३३ हजारांवर नेतात आणि केबल मनोऱ्यातून खाली, जमिनीत.

काही कंपन्यांनी गिअरबॉक्सच काढून टाकला आहे. मग जनरेटर मिनिटाला १०-१५ फेऱ्यांतच पुरेशी वीज देईल एवढा मोठ्या व्यासाचा करावा लागतो आणि त्यात बऱ्याचदा निओडिमियमचे कायम चुंबक घालतात. यंत्र महाग पडतं, पण मोडणारे दात आणि बेअरिंग कमी. भर समुद्रात, जिथे दुरुस्तीला बोट न्यायची आणि लाटा शांत होण्याची वाट पाहायची, तिथे हा व्यवहार परवडतो.

प्रश्न : तीनच पाती का? मधल्या मोकळ्या जागेतून एवढी हवा निसटते. दहा-बारा पाती लावली तर जास्त वीज मिळणार नाही का?

उत्तर : हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८ च्या सुमाराला घरामागे पवनचक्की उभारली. चक्राचा व्यास १७ मीटर आणि पाती १४४, देवदार लाकडाची. दिसायला भरगच्च चक्र, वीज जास्तीत जास्त १२ किलोवॉट. यंत्र वीसेक वर्षं चाललं, त्यामुळे ते वाईट बांधलेलं होतं असं म्हणता येणार नाही. पुढे डेन्मार्कमध्ये आस्कोव्हला पॉल ला कूर यांनी १८९१ पासून प्रयोग केले आणि दाखवून दिलं की विजेसाठी थोडी पण वेगाने फिरणारी पाती जास्त चांगली.

कारण असं की हवा निसटत नाही. पातं एका जागेवरून गेलं की तिथली हवा विस्कटते. ती पुढे निघून जाऊन ताजी हवा येईपर्यंत दुसरं पातं तिथे पोचलं तर त्याला विस्कटलेली हवाच मिळते. पात्याचं टोक वाऱ्याच्या सात-आठ पट वेगाने पळत असेल, तर तीन अरुंद पाती सगळ्या वर्तुळावर हुकमत ठेवायला पुरतात. जास्त पाती लावली की चक्र सावकाश फिरतं आणि पीळ वाढतो. विहिरीतून पाणी उपसायच्या पंपाला असा पीळ हवा असतो, म्हणून त्या पवनचक्क्यांना पत्र्याची खूप पाती असतात. जनरेटरला वेग हवा.

मग दोन का नकोत, एक का नको? तीही झाली. १९८० च्या दशकात जर्मनीत एका पात्याची आणि समोर वजनाचा गोळा असलेली यंत्रंसुद्धा उभी राहिली. पाती कमी केली की तेवढंच काम करायला ती आणखी जोरात पळवावी लागतात, आणि टोकाचा आवाज त्याच्या वेगाच्या जवळपास पाचव्या घाताने वाढतो. शेजारी झोपू देत नाहीत. दोन पात्यांची दुसरी अडचण नॅसेल वळवताना येते. पाती उभी असताना चक्र सहज वळतं, आडवी असताना जड जातं, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके. तीन पात्यांचं चक्र कुठल्याही क्षणी वळवायला सारखंच. डेन्मार्कमध्ये गेडसरला योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये तीन पात्यांचं, २४ मीटर व्यासाचं, २०० किलोवॉटचं यंत्र उभं केलं. ते १९६७ पर्यंत फारशी देखभाल न होता चाललं. आजच्या यंत्रांचं घराणं तिथून सुरू होतं असं मी मानते.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पवनचक्कीची कार्यक्षमता ५९.३ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही असं वाचलं. ही मर्यादा घर्षणामुळे आहे का? उद्या चांगली पाती बनली तर ती मोडेल?

उत्तर : नाही, घर्षणाचा त्यात काही संबंध नाही. आदर्श, घर्षण शून्य असलेली पाती दिलीस तरी मर्यादा तीच राहते. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यांनी ती १९१९ च्या सुमाराला मांडली. तुझं गणित चांगलं असणार, म्हणून कागद-पेन्सिल घे.

वाऱ्याची गतिज ऊर्जा काढून घ्यायची म्हणजे त्याचा वेग कमी करायचा. सगळीच ऊर्जा काढायची तर हवा चक्रामागे जागच्या जागी थांबवावी लागेल. पण थांबलेली हवा तिथेच तुंबली, तर मागची हवा चक्रात शिरणार कुठून? ती चक्राला वळसा घालून बाजूने निघून जाईल. उलट हवेला अजिबात अडवलं नाही तर सगळी हवा चक्रातून जाईल, पण आपल्या हाती काही लागणार नाही. मधे कुठेतरी सोय करायला हवी.

समज, मागे सोडलेल्या हवेचा वेग मूळ वेगाचा निम्मा ठेवला. चक्रात हवेचा वेग आधीच्या आणि नंतरच्या वेगाची सरासरी असतो, म्हणजे मूळ वेगाचा पाऊण. तेव्हा हवाही पाऊणच येते. तिच्यातली ऊर्जा किती काढली? वेग निम्मा म्हणजे ऊर्जा पाव उरली, पाऊण काढली. पाऊण गुणिले पाऊण, ५६.२५ टक्के. आता अधाशीपणा करून मागचा वेग पाचवा हिस्साच ठेव. हवा ६० टक्के येईल, तिच्यातली ९६ टक्के ऊर्जा निघेल, गुणाकार ५७.६. मागचा वेग एक तृतीयांश ठेवलास तर हवा दोन तृतीयांश येते, ऊर्जा आठ नवमांश निघते आणि गुणाकार येतो १६ भागिले २७, म्हणजे ५९.३ टक्के. याच्या दोन्ही बाजूंना आकडा उतरतो. अवकलन करून पाहा, परीक्षेतही उपयोग होईल.

चांगली आधुनिक यंत्रं ४५ टक्क्यांच्या आसपास, उत्तम स्थितीत त्याहून थोडी वर पोचतात. म्हणजे गाठण्याजोग्या हिश्श्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त आधीच गाठला आहे. ‘शंभर टक्के वारा पकडणारी’ पवनचक्की शोधल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतं. मी त्या उघडत नाही.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरून पवनचक्क्यांची रांग दिसते. भरपूर वारा असतानाही त्यातल्या दोन-चार बंदच असतात. एवढा पैसा ओतून हे काय चाललं आहे?

उत्तर : या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळा तोंड दिलं आहे, लग्नांच्या पंगतीतसुद्धा. कारणं एकाहून जास्त आहेत, आणि मुळाशी वाऱ्याचा एक स्वभाव आहे.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेतली ऊर्जा चौपट होते आणि शिवाय त्याच वेळात हवाही दुप्पट येते, म्हणून आठपट. १०० मीटरच्या चक्रातून सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात सुमारे ०.६ मेगावॉट शक्ती जाते. १० मीटरला ४.८. त्या वेळी दर सेकंदाला जवळजवळ ९६ टन हवा चक्राच्या आकाराच्या तोंडाशी येत असते, आणि हवेला वजन नसतं असं आपण म्हणत राहतो. २० मीटरला ही शक्ती ३८ मेगावॉटवर जाते. आता सांगा, यंत्र किती मोठं बनवायचं?

३८ मेगावॉट पेलणारा जनरेटर आणि दांडा बसवला तर तो वर्षातले मोजके तास कामाला येईल आणि बाकी वेळ मनोऱ्यावर नुसतं वजन. म्हणून अशा चक्राला २ मेगावॉटच्या आसपासचा जनरेटर देतात. तीन-चार मीटरला यंत्र सुरू होतं, ११-१२ मीटरपर्यंत पूर्ण क्षमतेला पोचतं, आणि त्यापुढे वारा कितीही वाढो, पाती स्वतःच्या अक्षाभोवती वळून जास्तीचा वारा सोडून देतात. प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी त्यासाठी वेगळी मोटर किंवा हायड्रॉलिक दट्ट्या असतो. वारा २५ मीटरवर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरवर गेला की बहुतेक यंत्रं पाती पूर्ण वळवून धार वाऱ्याकडे करतात आणि थांबतात. वादळात थांबलेली पवनचक्की बिघडलेली नसते, ती शहाणी असते.

दुसरं कारण ग्रिड. मागणी कमी असेल किंवा वाहिन्या भरलेल्या असतील तर नियंत्रण केंद्राचा फोन येतो आणि आम्ही चांगल्या वाऱ्यात यंत्रं बंद करतो. याचा राग येतो, मलाही यायचा. पण ग्रिडमध्ये जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्या क्षणी भरावी लागते. साठवणूक नसेल तर दुसरा उपाय नाही.

ग्रिड अचानक गेलं तर आणखी गंभीर. वर म्हटलं तसं जनरेटर हा ब्रेक आहे. तारेतून वीज जायची थांबली की तो ब्रेक क्षणात सुटतो आणि पाती मोकाट सुटतात. काही सेकंदांत वेग धोक्याच्या वर जाऊ शकतो. अशा वेळी पाती वळवायच्या मोटरींना वीज कुठून मिळणार? त्यासाठी हबमध्ये, म्हणजे तिन्ही पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागात, पात्यांसोबत फिरणाऱ्या पेटाऱ्यांत, बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. तिन्ही पात्यांची सोय स्वतंत्र असते, एक अडकलं तरी बाकीची यंत्राला आवरतात. गाडीसारखा डिस्क ब्रेकही असतो, पण भरधाव चक्र थांबवायचं त्याचं मुख्य काम नव्हे. तो थांबलेल्याला धरून ठेवतो. त्या बॅटऱ्यांची तपासणी हे कंटाळवाणं काम. मी ते कधीही दुसऱ्यावर ढकललं नाही आणि हाताखालच्या मुलांनाही ढकलू दिलं नाही.

तिसरं कारण अगदी साधं, आत माणूस असतो. हबमध्ये शिरण्यापूर्वी पोलादी खुंट्या घालून चक्र बांधून टाकतात आणि मगच आत जातात. तुम्ही खालून ‘बंद पडली वाटतं’ म्हणत फोटो काढत असता तेव्हा वर कुणीतरी बेअरिंगला ग्रीस भरत असतं.

आणि टक्केवारीचा एक गोंधळ इथेच सोडवते. जमिनीवरची पवनचक्की वर्षभरात तिच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण २५ ते ४० टक्के वीज देते, समुद्रातली त्याहून जास्त. हा आकडा वारा किती वेळ आणि किती जोरात होता ते सांगतो. बेट्झचा आकडा आलेल्या वाऱ्यातून किती काढता येतं ते सांगतो. दोन्ही एकत्र करून ‘पवनचक्की फक्त २५ टक्के कार्यक्षम’ असं लिहिणाऱ्यांना कृपया हे कात्रण पाठवा.

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या गाडीच्या टपावर छोटी पवनचक्की लावली तर धावता धावता बॅटरी भरणार नाही का?

उत्तर : नाही. तो वारा गाडीनेच बॅटरीतून खर्च करून तयार केलेला असतो. पवनचक्की गाडीला मागे खेचेल, त्यासाठी जास्तीची वीज लागेल, आणि मिळणारी त्याहून नेहमी कमी असेल. गाडी उभी असताना वारा आला तर मात्र जरूर भरेल.

प्रश्न : घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवावी का?

उत्तर : आधी हिशेब करा. दोन मीटर व्यासाच्या चक्राचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात, म्हणजे झाडाची पानं आणि लहान फांद्या हलत्या ठेवणाऱ्या वाऱ्यात, त्यातून १२३ वॉट शक्ती जाते. छोट्या यंत्राने त्यातली ३० टक्के पकडली तर ३७ वॉट. दोन-तीन दिवे. वारा ८ मीटर असेल तर तेच यंत्र ३०० वॉटच्या जवळ जाईल. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, तुमच्या गच्चीवर ८ मीटरचा वारा किती तास असतो याचा आहे. विक्रेते जाहिरातीत क्षमतेचा जो आकडा छापतात तो बहुधा ११-१२ मीटरच्या वाऱ्याचा असतो.

त्यात इमारती आणि झाडं वाऱ्याचे भोवरे करतात. वारा सतत दिशा बदलतो, यंत्र त्याच्यामागे वळत राहतं आणि बेअरिंग झिजतात. कंप भिंतींतून खालच्या खोलीत ऐकू येतो. उघड्या मैदानात १० मीटर उंचीवर जेवढा वारा असतो त्याच्या साधारण १.४ पट वारा १०० मीटरवर मिळतो, आणि घन केला की शक्ती सुमारे २.७ पट. मोठे लोक मनोऱ्यावर एवढा खर्च करतात तो हौस म्हणून नव्हे. मोकळ्या माळावर एकटं घर, ग्रिड लांब, आणि वर्षभर वारा मोजून पाहिलेला असेल तर बसवा. एरवी मी तरी गच्चीवर सौर पॅनेलच लावीन, आणि हे मी पवनचक्क्यांवर पोट भरलेली बाई सांगते आहे.

प्रश्न : हिवाळ्यात पवनचक्की जास्त वीज देते का?

उत्तर : वारा तेवढाच असेल तर हो. ० अंशाची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के जड असते आणि वीज हवेच्या वजनाच्या प्रमाणात मिळते. उलट समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीवर हवा जवळपास १८ टक्के विरळ, तेवढी वीज कमी. पण प्रत्यक्षात कुठल्या ऋतूत किती वारा वाहतो हाच फरक एवढा मोठा असतो की त्यापुढे हे टक्के झाकले जातात.

प्रश्न : पवनचक्की स्वतःच वीज खाते, सुरुवातीला विजेनेच फिरवावी लागते असं ऐकलं. खरं का?

उत्तर : पहिलं खरं, दुसरं बहुतेक वेळा नाही. वारा नसतानाही संगणक, तेलाचे हीटर, नॅसेल वळवणाऱ्या मोटरी, विमानांसाठीचे लाल दिवे चालू असतात. ती वीज ग्रिडमधून येते आणि तिचा हिशेब ठेवला जातो. वर्षाच्या उत्पादनापुढे ती किरकोळ आहे. पाती मात्र वाराच फिरवतो. पाती योग्य कोनात वळवली की मंद वाऱ्यातही चक्र हळूहळू उचल खातं.

प्रश्न : वाऱ्याची दिशा बदलली की वरचा खोका वळतो. तो एकाच बाजूला वळत राहिला तर आतल्या केबलना पीळ पडत नाही का?

उत्तर : पडतो! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्या लोकांनी विचारला, आणि तो विचारणारा माणूस यंत्र मनात उघडून पाहतो, म्हणून तो मुद्दाम शेवटी ठेवला.

नॅसेलच्या छतावर वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारी दोन उपकरणं असतात. ती पात्यांच्या मागे असल्यामुळे त्यांना ढवळलेली हवा लागते, म्हणून संगणक काही वेळाची सरासरी घेतो आणि मगच वळायचं ठरवतो. प्रत्येक झुळकीला वळायला लागलं तर मोटरी जळतील. मनोऱ्याच्या माथ्यावर एक मोठं दातेरी कडं असतं, त्यावर अनेक छोट्या मोटरी मिळून शेकडो टनांचा तो सगळा भार सेकंदाला अर्ध्या अंशाच्या आसपासच्या गतीने वळवतात. पूर्वीच्या दळणाच्या पवनचक्क्यांना हे काम माणसं मागचा लांब दांडा ढकलून करत. इंग्लंडमध्ये एडमंड ली यांनी १७४५ मध्ये मागे छोटी पंख्याची चकती बसवून ते आपोआप होईल असं पेटंट घेतलं.

केबल मनोऱ्याच्या आत सैल झोळ देऊन टांगलेल्या असतात. नॅसेल किती फेरे कुठल्या बाजूला वळलं ते एक मोजणी यंत्र लक्षात ठेवतं. दोन-तीन फेऱ्यांचा पीळ झाला की संगणक वारा कमी असण्याची संधी शोधतो, यंत्र थांबवतो आणि नॅसेल उलट दिशेने तितकेच फेरे फिरवून केबल मोकळ्या करतो. संधी मिळालीच नाही आणि पीळ ठरलेल्या हद्दीला पोचला, तर वारा कितीही चांगला असला तरी यंत्र थांबतंच. ते मोजणी यंत्रही चुकलं तर त्यामागे एक साधा यांत्रिक स्विच असतो, तो सगळं बंद करतो. तेव्हा रस्त्यावरच्या त्या बंद पवनचक्क्यांच्या कारणांत हेही एक धरा. कधी एखादी पवनचक्की वाऱ्याकडे पाठ करून सावकाश गोल फिरताना दिसली, तर ती वाट चुकलेली नसते, केबलचा पीळ सोडवत असते.

जुन्या पात्यांचं पुढे काय होतं, पक्षी आणि वटवाघळं, आणि आवाजाचे नियम यांवरची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. पात्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी शक्य असल्यास यंत्राचं वय कळवावं, कारण फायबरग्लास कुठल्या रेझिनमध्ये बसवलं आहे यावर उत्तर बरंच बदलतं.